अमळनेरला समुद्र नाही

मुंबईहून अमळनेरला जायचे तर दोन वाटा. घाईची माणसे कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे अशी मोटारीने जातात. मला घाई कधीच नसते आणि पैसेही मोजूनच खर्चावे लागतात; म्हणून मी सुरतेवरून जाणारी रात्रीची आगगाडी धरतो. ही गाडी मोठी गमतीची. आपल्याला जायचे असते खानदेशात, आणि ती अर्धी रात्र गुजरातेच्या किनारपट्टीने उत्तरेला पळत असते. पालघर, वापी, वलसाड अशी गावे अंधारात मागे पडतात. खिडकीतून ओलसर वारा येतो, अंगावरची चादर चिकट होते. मग उधन्याला गाडी उजवे वळण घेते आणि समुद्राकडे जी पाठ करते, ती पुन्हा म्हणून तोंड फिरवीत नाही.

नंदुरबार येते तेव्हा ओठ कोरडे पडलेले असतात. दोंडाईच्याला चहा घ्यावा; शिंदखेड्यापर्यंत काळी, नांगरून तापत पडलेली जमीन पाहावी; आणि नरडाणा मागे पडले की बिछाना गुंडाळावा. सुरतेपासून इथवर रुळांची लांबी अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. समुद्राची म्हणून एकच वस्तू अमळनेरच्या बाजारात मिळते, ती म्हणजे मीठ! गावाची बोरी नदीसुद्धा उन्हाळ्यात कोरडी असते. सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा भरते ती तिच्या वाळवंटातच.

गाव दिसते त्याहून मोठे आहे. साने गुरुजी इथल्या हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते, हे तर शाळकरी पोरही सांगेल. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. तालुक्याच्या गावी सूतगिरणी निघते, पण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था निघावी हे नवलच म्हणायचे. १९५२ साली आणि पुन्हा २०२४ साली मराठी साहित्य संमेलन इथे भरले. आणि आज संगणकाच्या धंद्यात जगभर नाव असलेली विप्रो कंपनी जन्मली तीही इथेच, १९४५ साली, वनस्पती तूप करणारा कारखाना म्हणून. शेंगदाण्याचे आणि सरकीचे तेल हे या गावाचे जुने वैभव. ज्या तेलाविषयी मी आज लिहिणार आहे, ते मात्र खाण्याचे नव्हे.

गेल्या आखाजीला मी तिथे होतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण खानदेशात तिचे महत्त्व दिवाळीएवढे, कदाचित कांकणभर जास्तच. सासुरवाशिणी माहेरी येतात. घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस असतो. लिंबाला, चिंचेला झोके बांधतात आणि पोरी गाणी म्हणत आभाळाला पाय लावतात. माझे यजमान आबा हे निवृत्त शिक्षक. त्यांचे घर गावाबाहेर शेतात आहे. अंगणात भला थोरला कडुलिंब आहे आणि त्याच्या आडव्या फांदीला दरवर्षी झोका लागतो. मी गेलो तेव्हा मात्र फांदी मोकळी होती. विचारले तर आबा म्हणाले, "अजून ठरलं नाही, भाऊ. घरात मतभेद आहेत."

मतभेद कसले, ते सांगायला मला २०२१ सालच्या आखाजीकडे जावे लागेल. त्या वर्षी आखाजी १४ मेला आली. त्याच दिवशी लक्षद्वीपच्या बाजूला अरबी समुद्रात एक वादळ आकार घेत होते. त्याचे नाव तौक्ते. ब्रह्मदेशाने सुचवलेले, अर्थ पाल. ही पाल किनारा धरून उत्तरेला सरकत गेली, आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात ऊनाजवळ जमिनीवर चढली. मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांचा एक तराफा बुडून कितीतरी माणसे गेली. ही बातमी सर्वांनी वाचली. पण आदल्या दिवशी, १६ मेला, अमळनेर तालुक्यातल्या आंचळवाडी गावात सोसाट्याचा वारा सुटला, एक झाड उन्मळून झोपडीवर पडले आणि दोन सख्ख्या बहिणी जागच्या जागी गेल्या. आखाजी होऊन दोनच दिवस झाले होते.

खानदेशाला वारा नवा नाही. त्याला इथे 'वावधन' असा खास शब्द आहे. वैशाख-ज्येष्ठात वावधन येते, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करते आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. पण ते वावधन इथल्याच उन्हातून उठलेले असते. कुठे लक्षद्वीप, कुठे आंचळवाडी! तिथल्या समुद्रावर फिरणाऱ्या भोवऱ्याचा एक पदर इतक्या आत येऊन झोपडीवर झाड पाडतो, ही गोष्ट आबांच्या आईला पटेना. "आपल्याकडे समुद्र कुठंय?" असे ती म्हणाली होती म्हणे. प्रश्न चुकीचा नव्हता.

याचे उत्तर पुण्यात पाषाणला मिळते. तिथल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातली वादळे तपासली. बंगालचा उपसागर हे आपल्याकडच्या वादळांचे जुने माहेरघर. अरबी समुद्र त्यामानाने सुशील समजला जाई. पण या अभ्यासात दिसले ते उलटे. काळाच्या पहिल्या अर्ध्याशी दुसरा अर्धा ताडून पाहिला, तर अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली होती आणि बंगालच्या उपसागरातली थोडी घटली होती. कारण उघड आहे. चक्रीवादळ ऊन पाण्यावर पोसते. समुद्राचा वरचा थर साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापला की त्याची वाफ वर चढते, वर जाऊन थंड होताना पोटातली उष्णता सोडते, आणि त्या उष्णतेवर वारा गरगरू लागतो. अमेरिकेकडे याच प्रकाराला हरिकेन म्हणतात, जपानकडे टायफून. अरबी समुद्र गेल्या काही दशकांत अंश-सव्वा अंशाने तापला आहे. तापमापकावर सव्वा अंश म्हणजे काहीच नाही. पण वादळाच्या चुलीत ते भरपूर जळण आहे. अमुक एक वादळ केवळ या उष्म्यामुळेच झाले, असे कोणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही. चूल पेटती ठेवली तर भांडे केव्हा उतू जाईल, एवढेच तो सांगू शकतो.

आणि ही चूल पेटवतो कोण? दगडी कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळून आपण जो कर्बवायू हवेत सोडतो, तो पृथ्वीवर पांघरुणासारखा बसतो. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. पांघरुणाखाली साठलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा समुद्र मुकाट्याने गिळतो. किती काळ मुकाट्याने, हाच काय तो प्रश्न.

ही चर्चा आबांच्या ओसरीवर चालली असताना आबांची बहीण आखाजीसाठी माहेरी आली. तिला घेऊन तिचा मुलगा पुण्याहून आला होता. तो ज्या मोटारीतून उतरला, तिला मोटार म्हणावे की माडी, हे मला कळेना. चाके माझ्या कंबरेपर्यंत. आत सात माणसांची सोय, आणि आली होती दोन. बाईंना चढउतार करायला पाट ठेवावा लागला! शहरात हल्ली अशाच धिप्पाड मोटारींची चलती आहे. एसयूव्ही हे त्यांचे गोत्रनाव. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता म्हणून आम्ही मंगळग्रह मंदिरात गेलो, तर बाहेर याच गोत्रातल्या मोटारी दाटीवाटीने उभ्या होत्या. मंगळ हा भूमिपुत्र मानतात. त्याची शांती करायला भक्त येतात, आणि त्याच्या आईला आणखी थोडी तापवून जातात.

ही थट्टा भाच्याला रुचली नाही. तो हुशार मुलगा आहे. त्याने हिशेबच मांडायला सांगितला. म्हणून मांडला. पुणे ते अमळनेर पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर. त्याची मोटार लिटरला बारा किलोमीटर जाते, म्हणजे बत्तीसेक लिटर डिझेल. लिटरभर डिझेल जळले की सुमारे २.६ किलो कर्बवायू होतो. (लिटरभर तेलाचे वजन किलोपेक्षा कमी, मग वायू अडीच किलो कसा? तेलातला कर्ब हवेतला प्राणवायू ओढून घेतो, वजन त्याचे.) एकूण ऐंशी किलोंच्या वर. लिटरला वीस किलोमीटर जाणाऱ्या लहान पेट्रोल मोटारीने हाच प्रवास केला असता तर चव्वेचाळीस किलो. दोघे माणसे तेवढीच, रस्ता तोच, पुरणपोळीही तीच.

"पण मामा, माझ्या एकट्याच्या चाळीस किलोंनी समुद्र तापतो का?" भाचा म्हणाला.

नाही तापत. पण तो एकटा कुठे आहे? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के या जातीच्या होत्या. जगातल्या सगळ्या एसयूव्ही मिळून एक देश धरला, तर कर्बवायू सोडण्यात त्याचा पाचवा क्रमांक लागेल. आपल्याकडेही नव्या खासगी मोटारींत निम्म्याहून अधिक याच. अमेरिकेत हा वाद २००५ साली कत्रिना हरिकेनने न्यू ऑर्लिन्स बुडवले तेव्हा पेटला होता. हजारावर माणसे गेली, पेट्रोल भडकले आणि लोक हमर नावाच्या रणगाडावजा मोटारीकडे बोट दाखवू लागले. २०१० साली हमर बंद झाली. लोकांनी सुस्कारा टाकला. पुढे ती विजेवर चालणारी होऊन परत आली. वजन चार टनांच्या घरात! म्हणजे इंधन बदलले, हौस तीच राहिली.

आबांचे मत मला अधिक पटले. ते म्हणाले, "मोटार मोठी की लहान, हे मी बघत नाही. ती कुणाच्या गरजेची, ते बघतो." पावसाळ्यात खानदेशची काळी माती अशी चिकट होते, की बैलसुद्धा पाय उचलताना विचार करतो. अशा रस्त्यावरून कापसाची गाठोडी किंवा बाळंतीण तालुक्याला न्यायची तर उंच, दणकट जीपच लागते. आमच्या काळी-पिवळ्या जीपगाड्या तर दहा-बारा माणसे कोंबून नेत. माणशी तेलाचा हिशेब केला तर त्या साधूच ठरतील. प्रश्न आहे तो पुण्यातल्या डांबरी रस्त्यावर एका माणसाला भाजी आणायला नेणाऱ्या दोन टनांचा. सरकारलाही हे कोडे सुटलेले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मोटारींवरचा कर बदलला तेव्हा लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के झाला. अंतर राखले हे ठीक. पण मोठ्या मोटारींवर आधी उपकरासकट पन्नासपर्यंत कर होता, म्हणजे त्याही स्वस्तच झाल्या. याला धोरण म्हणायचे की भिडस्तपणा, वाचकांनीच ठरवावे.

खानदेशाने आपल्या परीने काही केलेले नाही असे नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ साली महानिर्मिती कंपनीने सव्वाशे मेगावॉटचे सौर वीजकेंद्र उभे केले. ज्या उन्हाने आमचे डोके फिरते आणि ज्या वाऱ्याने केळी पडते, त्यांनाच कामाला लावले आहे. मी आलो ती आगगाडीही आता विजेवर धावते.

आबांच्या घरातला मतभेद तेवढा राहिला. धाकट्या सुनेचे म्हणणे, लिंब तोडावा. आंचळवाडी इथून दूर नाही. घरावर एवढे झाड ठेवून लेकरांना झोपवायचे कसे? आबांचे म्हणणे, पारा पंचेचाळीसला टेकतो. हा लिंब गेला तर दुपारी घरात बसवणार नाही. मग थंडाव्याचे यंत्र बसवा, त्याला वीज जाळा, ती वीज कोळशाची. दोघांचेही खरे होते. भाचा बोलला नाही, कारण त्याची माडी सकाळपासून त्याच लिंबाच्या सावलीत उभी होती.

शेवटी संध्याकाळी लाकूडतोड्याला बोलावले. घरावर झुकलेल्या दोन फांद्या उतरवल्या, शेंडा हलका केला. मोटार हलवून रस्त्यावर उन्हात लावावी लागली. आडवी फांदी आबांनी स्वतः हाताने चाचपून पाहिली, लाकूडतोड्याला दोन वेळा विचारले, आणि मग धाकट्या सुनेनेच घरातून दोर आणून दिला.