खिडकीजवळची खाट

वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत दोन खाटा होत्या. खिडकीजवळची आमच्या मावशीची, दाराजवळची दुसऱ्या एका आजींची. सप्टेंबर २०२० मध्ये आजींना करोना झाला आणि इस्पितळातून त्या परतल्या तेव्हा अगदी अर्ध्या झाल्या होत्या. मावशीला मात्र साधी शिंकही आली नाही. ‘‘जुनं हाड आहे माझं, बाळांनो,’’ असे ती मोठ्या तोऱ्यात सांगे आणि आम्ही माना डोलवीत असू.

मार्च २०२१ मध्ये साठीपुढील लोकांना लस सुरू झाली. सिस्टरांनी दोघींना एकाच रिक्षातून केंद्रावर नेले. जूनमध्ये दुसरी मात्राही झाली. आजींची आम्हांस काळजी वाटे. मावशी मुळात ठणठणीत आणि त्यात दोन मात्रा घेतलेली, तेव्हा तिच्याविषयी आम्ही निर्धास्त होतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या संशोधकांनी तेथील शुश्रूषागृहांतील वृद्धांचे रक्त तपासून नेमके उलटे पाहिले होते, हे आम्ही फार उशिरा वाचले. ज्यांना पूर्वी करोना होऊन गेला होता, त्यांच्या शरीराने लशीला जोमदार प्रतिसाद दिला. ज्यांना तो कधीच झाला नव्हता, त्यांची प्रतिपिंडे तेथील सेवकवर्गाच्या मानाने फारच थोडी भरली. आणखी सहा महिन्यांनी, कधीच न बाधलेल्या वृद्धांपैकी ७० टक्के लोकांत विषाणूला निष्प्रभ करणारी शक्ती मोजता येण्याइतकीही उरली नव्हती. त्यांची लस फायझरची होती, आमच्या मावशीची कोव्हिशील्ड. तेव्हा आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वार्धक्य तेच.

मावशी चाळीस वर्षे शिक्षिका होती. पन्नास वर्षांपूर्वीचा विद्यार्थी भेटला तर त्याचे नाव, बाक, खोड्या सारे ती सांगे. कालच भेटलेल्या पाहुण्याचे नाव मात्र तिच्या ध्यानात राहत नसे. रोगप्रतिकाराचेही बहुधा असेच असते. वयाबरोबर छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, नव्या पेशी कमी तयार होतात, नवी ओळख पक्की होत नाही. आजींच्या शरीराला लस म्हणजे जुन्या वैऱ्याची दुसरी भेट होती. मावशीची ती पहिलीच ओळख, आणि तीही अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी.

म्हणून आजार होऊन गेलेला बरा, असे कोणी समजू नये. त्या पहिल्या भेटीतच जगभरच्या वृद्धाश्रमांतून असंख्य माणसे गेली. उपाय तिसऱ्या मात्रेचा होता. तिने प्रतिपिंडे पुन्हा वर चढत. अमेरिकेत अशा रहिवाशांसाठी ती सप्टेंबर २०२१ मध्येच सुरू झाली. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून, आणि तीही दुसऱ्या मात्रेला नऊ महिने उलटलेल्यांना. मावशीचे नऊ महिने मार्चमध्ये भरणार होते.

त्या नाताळात आम्ही अकरा जण करंज्या आणि केक घेऊन तिच्या खाटेभोवती दाटीने बसलो. मास्क हनुवटीवर. आमच्यातील एकास सर्दी होती. ‘साधी सर्दी आहे’ असे आम्हीच सिस्टरांना सांगितले. तो कोण, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. आजवर कोणी उच्चारलेले नाही.

त्याच आठवड्यात दोघींना ताप आला. आजी चार दिवस खोकल्या आणि उठून बसल्या. मावशी १९ जानेवारीस गेली. एका खोलीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. मावशी आजींहून सात वर्षांनी मोठी होती, तिचे हृदयही दुबळे होते. तरीही ‘साधी सर्दी’ हे शब्द आम्हांस छळतात.

खिडकीजवळची खाट सिस्टरांनी आजींना देऊ केली होती. त्यांनी नको म्हटले. आम्ही अजूनही त्यांना भेटावयास जातो, व्हरांड्यात बसतो. निघण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचा घसा कसा आहे, हे आता आमची धाकटी विचारते.