शोभेची दारू आणि कायद्याची भाषा

मराठीत 'दारू' हा एकच शब्द बाटलीसाठीही चालतो आणि बंदुकीसाठीही. फटाक्यांच्या परवान्यावर म्हणूनच 'शोभेची दारू' असे लिहावे लागते. आमच्या यवतमाळ जिल्ह्याला स्फोटाचा आवाज अनोळखी नाही. विहिरीसाठी काळ्या खडकात सुरुंग लावतात, वणीकडच्या कोळसा खाणींत रोजच लावले जातात. असे असूनही या वस्तूंविषयी बोलण्याची आपली भाषा मात्र दिवाळीचीच राहिली आहे.

लवंगी, भुईचक्र, भुईनळा, बाण, सुतळी बॉम्ब: ही नावे लोकांनी आकार, चाल आणि आवाज पाहून ठेवली. 1884 च्या स्फोटक कायद्याखालील 2008 च्या नियमांत ही सारी नामावली सातव्या वर्गात जाऊन बसते. त्यापुढची विभागणी एक्स, वाय, झेड आणि झेडझेड अशा कोरड्या अक्षरांची. एक्समध्ये आग किंवा किरकोळ स्फोट जागीच राहण्याची शक्यता, वायमध्ये सर्व साठा पेटण्याची, झेडमध्ये तो एकदम फुटण्याची आणि झेडझेडमध्ये त्यासोबत तुकडे दूरवर उडण्याची. लोकभाषा एका फटाक्याकडे पाहते. कायदा साठ्याकडे पाहतो आणि एकाला ठिणगी लागली तर शेजारच्याचे काय होईल, असे विचारतो.

हा शेजारधर्म दिवाळीतील तात्पुरत्या दुकानांच्या नियमांतही दिसतो. दोन दुकानांत किमान 3 मीटर अंतर हवे, घरे-शाळांसारख्या संरक्षित वास्तूंपासून 50 मीटर. दुकानांची तोंडे समोरासमोर नसावीत. आपल्याकडे समोरासमोरची दारे म्हणजे जिव्हाळा. इथे तोच धोका ठरतो. हे नियम राबवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला, म्हणजे विदर्भातच आहे.

अपघातांची यादीही विदर्भाचीच आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमन कर्मचारी बळी गेले. 20 नोव्हेंबर 2018 रोजी जवळच्या सोनेगाव आबाजी येथे जुनी स्फोटके नष्ट करताना 6 जण ठार झाले. त्यांत कंत्राटी मजूर होते. 17 डिसेंबर 2023 रोजी नागपूरजवळच्या बाजारगावात एका कारखान्यात 9 जण गेले. त्यांपैकी 6 स्त्रिया होत्या. यांतील लष्करी साठ्याला 1884 च्या कायद्याची बहुतेक कलमे लागूच होत नाहीत. त्याचे नियम वेगळे. म्हणजे वस्तूचा वर्ग जितका महत्त्वाचा, तितकाच तिचा मालक.

मला अस्वस्थ करते ती आणखी एक तरतूद. कारखान्यातील प्रत्येक शेडमध्ये किती किलो स्फोटक आणि किती माणसे असावीत, याची मर्यादा ठरलेली असते. ही तरतूद निर्दय नाही. जीवितहानी कमी व्हावी म्हणूनच ती आहे. पण माणूस आणि माल एकाच हिशेबात मोजल्यावर नियमाने एक गोष्ट निमूटपणे मान्य केलेली असते: स्फोट होऊ शकतो, आणि झाला तर आतल्यांना वाचवता येणार नाही. शेड आणि शेड यांच्यात अंतर ठेवता येते. हात आणि मिश्रण यांच्यात ठेवता येत नाही.

साहित्याच्या वर्गात आपण शब्दांच्या अर्थच्छटा शिकवतो. 'शोभेची दारू' या शब्दप्रयोगात शोभा पाहणाऱ्याची आहे. दारू कालवणाऱ्याची छटा त्यात कुठे आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो.