नाव नसलेले हात

नगरजवळच्या भिंगारचा रद्दीवाला वर्तमानपत्रं किलोवर घ्यायचा, पण चित्रांची पुस्तकं निवडून वेगळी ठेवायचा. कॅम्पातल्या बंगल्यात बदली झाली की गाडीभर रद्दी त्याच्याकडे येई आणि तिच्यात कधीमधी विलायती मुलांचे जुने अंक निघत. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वेताळ आणि मँड्रेक आम्ही इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वाचत होतो, घरी ‘चांदोबा’ येई, शाळेत ‘किशोर’ मिळे. हे अंक त्यांतल्या कशाच्याच जातीचे नव्हते. लाल-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर घातलेला, केस पिंजारलेला एक उपद्व्यापी पोरगा. दाढीला आगीची बत्ती लावणारा एक दांडगा, त्याच्या ताटातून गाईची शिंगं वर आलेली. आणि एक अख्खा वर्ग, ज्यात एकाही पोराचं थोबाड धड नाही.

मी मराठी शाळेतला, इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. फुग्यांतली अक्षरं लागत नसत, म्हणून मी चित्रंच वाचायचो आणि फुग्यांत आमचं नगरी बोलणं भरायचो. त्या वर्गातला मास्तर माझ्या डोक्यात ‘काय रं, लय माजलाय का?’ असंच ओरडायचा.

पुढे मी चित्रकला शिक्षक झालो आणि ते अंक मागे पडले. निवृत्तीनंतर पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘बीनो’ या विलायती मुलांच्या साप्ताहिकाचं साठच्या दशकातलं एक वार्षिक सापडलं. उभ्या उभ्या चाळलं आणि पानापानावर ओळखीची माणसं भेटत गेली. मग इंग्लंडात राहणाऱ्या नातलगांकडून आणखी अंक मागवले. आता इंग्रजी येतं, चष्म्यानं बारीक अक्षरंही दिसतात. संवाद झकास आहेत. तरीही माझी नजर आधी चित्रावरच जाते.

हे अंक निघत ते स्कॉटलंडमधल्या डंडीत. डंडी हे एके काळी तागाच्या गिरण्यांचं गाव. ताग जायचा आपल्या बंगालमधून. तिथल्या डी. सी. थॉमसन कंपनीनं १९३७ च्या डिसेंबरात ‘डँडी’ आणि १९३८ च्या जुलैत ‘बीनो’ काढला. युद्धात कागदाचा तुटवडा झाला, तेव्हा दोन्ही साप्ताहिकं आठवड्याआड छापली गेली, पण बंद पडली नाहीत. पट्ट्यांच्या स्वेटरवाला डेनिस १९५१ च्या मार्चमध्ये अवतरला. योगायोग असा, की त्याच महिन्यात अमेरिकेतही याच नावाचा दुसरा खट्याळ पोरगा सुरू झाला. आपल्याकडे त्या सोनेरी केसांच्या अमेरिकन डेनिसलाच जास्त लोक ओळखतात. माझा मात्र हा डंडीवाला.

त्या बेधडक वर्गाची मालिका १९५४ ची. सुरुवातीला ती शाळा सुटल्याच्या एकाच मोठ्या चित्राभोवती फिरे. घंटा होते आणि पोरं दारातून, खिडकीतून, भिंतीवरून एकदम बाहेर सांडतात. तीसेक भानगडी एकाच वेळी चाललेल्या, आणि प्रत्येक भानगडीला आपली आदी आणि अंत. कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा उगाच बसलेलं नाही. हे चित्र एका बैठकीत संपत नाही. गर्दी काढणं किती कठीण असतं ते मी जन्मभर फळ्यावर अनुभवलंय. बहुतेक चित्रकार मागच्या रांगेत नुसती डोकी मांडून मोकळे होतात. या मालिकेच्या चित्रकारानं मागच्या रांगेतल्या पोरालाही स्वतःचा स्वभाव दिला.

लहानपणी अंकांचे गठ्ठे मी चित्रांच्या हातांवरून लावायचो. एकाला मी ‘गर्दीवाला’ म्हणे. दुसरा ‘काडीवाला’, कारण त्याच्या रेषा काडीनं ओरबाडल्यासारख्या धावत. नावं मिळायला मार्गच नव्हता, कारण ती छापलेलीच नव्हती. कंपनी चित्रकारांना सही करू देत नसे. डडली वॉटकिन्ससारखा एखादाच अपवाद. गर्दीवाला म्हणजे लिओ बॅक्सेन्डेल आणि काडीवाला म्हणजे डेनिसचा चित्रकार डेव्हिड लॉ, हे मला म्हातारपणी कळलं. ‘बीनो’चाच केन रीडही तेव्हाच नावानं भेटला. बॅक्सेन्डेल कामाच्या ओझ्यानं पिचून १९६२ मध्ये कंपनी सोडून गेला. पुढे आपल्या पात्रांवरच्या हक्कासाठी तो कोर्टात गेला आणि सात वर्षं चाललेलं ते प्रकरण १९८७ मध्ये तडजोडीनं मिटलं. हे वाचलं त्या दिवशी मला खरोखर संताप आला. ज्या माणसानं लाखो मुलांना हसवलं, त्याच्याकडून त्याची रेषा घेतली आणि नाव नाकारलं. आपल्याकडे शि. द. फडणिसांच्या चित्राखाली त्यांची सही असते. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आलेला ‘चिंटू’ चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, हे घरोघरी ठाऊक होतं. ही साधी गोष्ट वाटते, पण साधी नाही.

आणखी एक गोष्ट नगरकरांना सांगायलाच हवी. ब्रिटिश विनोदाला उलटंपालटं करणारा स्पाइक मिलिगन आपल्या नगरात जन्मला, १६ एप्रिल १९१८ ला. वडील ब्रिटिश तोफखान्यात. त्याच्या ‘गून शो’ या रेडिओ कार्यक्रमातल्या पात्रांवर पुढे बाहुल्यांची टीव्ही मालिका झाली आणि त्यांची चित्रपट्टी ‘टीव्ही कॉमिक’ या मुलांच्या साप्ताहिकात आली. म्हणजे विलायती पोरांच्या हसण्यात एक वाटा या मातीत जन्मलेल्या माणसाचाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात पारनेरजवळच्या एका गावात मुलांच्या शिबिराला गेलो होतो. काही पानांच्या प्रती नेल्या, फुगे पांढरे करून. पोरांनी ते भराभर भरले. एकानं मास्तरांच्या तोंडी पाण्याच्या टँकरची बोंब घातली. मग मी सगळी पानं मिसळली आणि म्हटलं, एकेका माणसानं काढलेली वेगळी करा. सहावीतली एक मुलगी पुढे सरसावली. ‘सर, हा आणि हा एकच. ह्याचे पाय बघा ना, पळताना जमिनीला टेकतच नाहीत.’ दुसरा म्हणाला, नाही, नाकं वेगळी आहेत. दोघं पानांवर ओणवी होऊन भांडत राहिली. मी फळ्याकडे गेलो आणि खडूनं लिहिलं: लिओ बॅक्सेन्डेल, डेव्हिड लॉ, केन रीड.