गॅस संपत नाही, पळतो!

मे महिना, दुपारचा एक आणि गव्हाण फाटा. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, दोन्ही बाजूंना कंटेनर. मधोमध माझी छोटीशी हॅचबॅक, अजून निम्मे हप्ते बाकी असलेली. शेजारच्या सीटवर बाबा. नेरुळला हार्टच्या डॉक्टरांची दोनची अपॉइंटमेंट. आणि एसीतून येणारी हवा... चक्क कोमट!

काच खाली केली तर ट्रेलरचा धूर आणि धूळ थेट आत. वर केली तर भट्टी. २०२४च्या जानेवारीपासून उरणहून नेरुळला लोकल जाते खरी, पण बायपासला जेमतेम दोन महिने झालेले, म्हणून स्टेशनचे जिने नकोत असं मीच ठरवलं होतं. ‘गाडीने आरामात जाऊ’ हे वाक्यही माझंच!

बाबा काही बोलत नव्हते, फक्त रुमालाने मान पुसत होते. मी सारखी विचारतेय, ‘‘बरं वाटतंय ना?’’ शेवटी म्हणाले, ‘‘अगं, ३० वर्षं मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेलो. तिथे कुठे होता एसी?’’ पण एवढं बोलतानाही त्यांना लागलेली धाप मला ऐकू येत होती.

खरं सांगू? चूक माझीच होती. सलग तीन उन्हाळे माझं एकच नाटक. एप्रिलमध्ये एसी थंड करेनासा झाला की ऑफिसजवळच्या गॅरेजात जायचं, ‘गॅस भरून द्या’ म्हणायचं, कार्ड स्वाइप करायचं आणि लंच टाइम संपायच्या आत डेस्कवर हजर. पेट्रोल संपतं तसा गॅसही संपत असणार, असा माझा पक्का समज.

बाबांचं चेकअप नीट पार पडलं, ऊन उतरल्यावर आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच उरणातल्या एका मेकॅनिककाकांकडे गाडी नेली आणि नेहमीचं वाक्य टाकलं. काका हसले. ‘‘ताई, गॅस संपत नाय. पळतो. कुठून पळतो, ते आधी बघू.’’

मग माझी शिकवणी झाली. एसी म्हणजे बंद साखळी. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्यातली उष्णता बाहेर टाकतो, डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये तोच गॅस केबिनमधली उष्णता शोषतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. छोट्या गाडीत सगळा मिळून साधारण अर्धा किलो. रबरी नळ्यांतून थोडासा झिरपतो, पण त्याला वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे गळती आहेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही जातं. आणखी दोन-तीन टॉपअप, की कॉम्प्रेसरच बसला असता आणि खर्च कितीतरी पट!

काकांनी नायट्रोजनचं प्रेशर दिलं, साबणाचं पाणी लावलं. कंडेन्सरच्या कोपऱ्यात इवलासा बुडबुडा! समुद्राची खारी हवा आणि ट्रेलरची धूळ, दोघांनी मिळून ॲल्युमिनियम खाल्लेलं. कंडेन्सर बदलला, सील बदलली, सिस्टीममधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढली आणि मगच मोजून गॅस भरला.

निघताना काकांनी चार गोष्टी सांगितल्या, तुम्हालाही उपयोगी पडतील. गाडी पळताना थंड आणि सिग्नलला गरम? कंडेन्सरचा पंखा बघा. हवा थंड, पण झोत कमी? केबिन फिल्टर धुळीने भरलाय. कुबट वास? आतल्या ओल्या कॉइलवर बुरशी. कॉम्प्रेसर सुरूच होत नाही? फ्यूज, रिले, क्लच, नाहीतर गॅस इतका कमी की प्रेशर स्विचच अडवतोय. आणि कोणी न तपासता ‘गॅस भरून टाकू’ म्हणालं, तर विचारा, ‘आधीचा कुठे गेला?’

घरी येऊन हे सगळं बाबांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प बसले. बायपासच्या आधी वर्षभर ते छातीतल्या जळजळीवर सोडा पीत होते. चढावर दम लागला की सोडा, रात्री झोप मोडली की सोडा. आम्हीही ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून बाटल्या आणून देत होतो. कुठून काय होतंय, हे कोणीच विचारलं नाही.

‘‘टॉपअपची सवय आपल्या घराण्यातच आहे म्हणायची,’’ बाबा म्हणाले.

हसलो दोघंही. पण पुढच्या चेकअपची तारीख मी तेव्हाच मोबाईलमध्ये टाकली. आणि तिच्या एक दिवस आधीची, गाडीची!