हाताला बसेल ती गिटार




इलेक्ट्रिक गिटारमधले दोष दोन जातींचे असतात. काही पान्याने आणि स्क्रूड्रायव्हरने निघतात. काही तिच्या लाकडात आणि मापातच असतात. कोणती गिटार ठेवायची आणि कोणती विकायची हे दुसऱ्या जातीच्या दोषांवरून ठरायला हवं. पण कित्येक चांगल्या गिटारी पहिल्या जातीच्या दोषांपायीच घराबाहेर जातात, आणि ज्याने त्यातली एखादी स्वस्तात उचलली तो आठवड्याभरात तिच्यावर मजेत वाजवू लागतो.

म्हणून आधी सेटअप, म्हणजे पान्याने होणारी जुळणी. नव्या तारा चढवून गिटार सुरात लावायची. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरायची. आठव्या फ्रेटपाशी वाकून पाहिलं, तर तार आणि फ्रेट यांच्यात बारीक फट दिसते. ती साधारण पाव मिलिमीटर असावी. अजिबात नसेल तर तारा खरखरतात, फार असेल तर मधल्या फ्रेटवर बोटं दुखतात. नेकच्या आतला ट्रस रॉड ही फट कमी-जास्त करतो. पाना एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. त्यानंतर ब्रिजवरून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. 9.5 इंच त्रिज्येच्या फ्रेटबोर्डासाठी फेंडरचं माप सुमारे 1.6 मिलिमीटर आहे. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर दाबून आलेला स्वर आणि तिथेच नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे घ्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नेक हलतो. जुलैत नकोशी वाटलेली गिटार कोरड्या दिवसांत पुन्हा तपासल्याशिवाय विकायला काढू नये.

एवढं करूनही जे उरतं, ते जन्मजात. त्यात पहिली येते स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची वाजणारी लांबी. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर ती 25.5 इंच असते, गिब्सनच्या लेस पॉलवर नावापुरती 24.75. पाऊण इंचाने काय होतं, असं वाटेल. पण तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरांत लावल्या तर स्ट्रॅटवर ताण सुमारे 6 टक्के जास्त, आणि तो बेंड करताना बोटाला लगेच कळतो. इथे उपाय आहे: लेस पॉलवर 10 च्या तारा लावणारे कित्येक जण स्ट्रॅटवर त्याहून बारीक, 9 च्या लावतात. फ्रेटबोर्डाच्या गोलाईला मात्र असा सोपा उतारा नाही. 1954 च्या मूळ स्ट्रॅटवर त्रिज्या 7.25 इंच होती. त्यावर कॉर्ड धरायला हाताला सुख वाटतं, पण ॲक्शन खाली ठेवून वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेतला की तार फ्रेटला टेकून स्वर मध्येच मरतो. गिब्सनची 12 इंची त्रिज्या इथे जास्त सोयीची. वजन तर कोणत्याच पान्याने उतरत नाही. चार किलोंच्या वरची लेस पॉल दोन तास उभ्याने वाजवल्यावर खांदा निकाल देतो.

जुळवून घेण्याची सीमा किती लांब जाते हे ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याकडे पाहून कळतं. 1965 मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमकी तार दाबणारीच बोटं. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, बॅन्जोच्या हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटारचे सूरही खाली उतरवले. ब्लॅक सॅबथचा जड आवाज थोडाफार त्या सोयीतून आला. आयोमीपुढे गत्यंतर नव्हतं. हौशी वादकाने मात्र न बसणाऱ्या नेकशी वर्षानुवर्षं झगडण्यात काही पुरुषार्थ नाही.

नेक बदलणं हाही एक मार्ग असतो: गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 1970 मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट घेतल्या. तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग जोडून एक काळी गिटार बनवली, ‘ब्लॅकी’. फेंडरचा नेक स्क्रूने बसवलेला असतो, म्हणून हे जमलं. लेस पॉलच्या चिकटवलेल्या नेकची अशी अदलाबदल करता येत नाही. 2004 च्या लिलावात ब्लॅकीला 9,59,500 डॉलर मिळाले. ही किंमत अर्थात हातांची होती, लाकडाची नव्हे.

मग गिटारी किती ठेवायच्या? सिंगल कॉइल पिकअपची एक आणि हमबकरची एक, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. एकाच जातीच्या दोन असतील तर, आवाज उन्नीस-बीस असला तरी, ज्या नेकवर हात आपोआप जातो ती ठेवावी. दुसरी विकताना काढून ठेवलेले मूळ पिकअप आणि सॅडल सोबत द्यावेत. जुन्या गिटारचा भाव त्यांवरही ठरतो.