आज चालू की बंद?

कामणला घरी बसून मी सहलीच्या ठिकाणांच्या वेबसाइट सांभाळतो. एक वॉटर पार्क, काही रिसॉर्ट. वसई-विरार पट्ट्यात अशा ठिकाणांना तोटा नाही. काम देताना मालक हमखास विचारतात, “साइट बंद पडणार नाही ना?” माझ्या लेखी हा दुसरा प्रश्न. पहिला असा, की साइटवर लिहिलंय ते आज खरं आहे का? साइट उघडली नाही तर माणूस निदान फोन तरी करतो. साइट झक्कपैकी उघडते आणि गेल्या महिन्याची वेळ सांगते, तेव्हा तो पोराबाळांना घेऊन सरळ गाडीत बसतो.

आमच्या जवळचा चिंचोटीचा धबधबा बघा. तुंगारेश्वरच्या जंगलातला हा धबधबा. त्याला ना तिकीट खिडकी, ना मालक, ना स्वतःची साइट. तिथे माणसं बुडाली आहेत, म्हणून पावसाळ्यात पोलिसांचा मनाई आदेश निघतो. नेटवरचे फोटो मात्र बारमाही वाहत असतात. वसई-दिवा लाइनवर गाड्या मोजक्या. रस्त्याने यावं तर भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या कंटेनरची रांग आणि जोडीला खड्डे. एवढं सोसून आलेल्यांना पोलीस वाटेतूनच परत पाठवतात. त्यांच्याशी कोणी खोटं बोललेलं नसतं. खरं काय ते सांगणं हे कोणाचंच काम नसतं, इतकंच.

सहलीच्या साइटवरची गर्दी सांगून येते. पहिला दमदार पाऊस, नाहीतर मे महिना, आणि शुक्रवारची रात्र. आलेल्यांपैकी बहुतेकांना तीनच गोष्टी हव्या असतात: उद्या चालू आहे का, तिकीट कितीला, यायचं कसं. म्हणून ही पानं मी साधी, तयार करून ठेवलेली देतो आणि त्यांच्या प्रती सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरवर, ठेवतो. बुकिंगचा सर्व्हर वेगळा. बुकिंग लोडखाली बसलं तरी वेळ आणि रस्ता दिसत राहतो. मालकांना मात्र पहिल्याच पानावर ड्रोनचा व्हिडिओ हवा असतो. रेंजची एकच काडी असलेल्या फोनवर तो फिरत राहतो, खालची वेळ दिसतच नाही. त्या व्हिडिओवरून मी दर सीझनला भांडतो. बहुतेकदा व्हिडिओच जिंकतो.

बुकिंगचं काम खरं कठीण, कारण तिथे साइटच फाटक होते. साताऱ्याचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, फुलांच्या हंगामात माणसांची रीघ लागली, आणि दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणी आली. अशी मर्यादा असली की शेवटच्या जागेवर दोघं एकाच सेकंदाला बोट ठेवणार, हे धरूनच चालायचं. जागा निवडली की ती काही मिनिटं त्या माणसाच्या नावाने अडवून ठेवावी लागते. कमी वेळ अडवली तर यूपीआय ‘पेंडिंग’ असतानाच ती दुसऱ्याला जाते. जास्त अडवली तर जागा रिकामी राहते आणि बाहेर लोक ‘फुल्ल’ वाचून परत जातात.

त्यात सगळ्यात जास्त शिव्या खाणारा प्रकार म्हणजे ‘पैसे कापले, तिकीट नाही’. बँकेने पैसे दिलेले असतात, पण ग्राहकाचा फोन मध्येच बंद पडतो, रेंज जाते, आणि ‘पेमेंट झालं’ हे सांगायला तो आमच्या पानावर परत येतच नाही. म्हणून ग्राहकाच्या फोनवर विसंबायचं नाही. पेमेंट कंपनीच्या सर्व्हरने आमच्या सर्व्हरला थेट कळवलं पाहिजे. तो निरोपही हरवू शकतो, म्हणून आमच्या सर्व्हरने थोड्या थोड्या वेळाने अडकलेल्या व्यवहारांची स्वतः चौकशी करायची. निरोप दोनदा आला तरी तिकीट एकच फाटलं पाहिजे. शिवाय दिवसाच्या बुकिंगची यादी सकाळीच फाटकावरच्या फोनमध्ये उतरवून ठेवायची. पावसात आमच्याकडे लाइट जाते, मागोमाग टॉवर जातो, आणि क्यूआर कोड दाखवणारं कुटुंब छत्रीखाली ताटकळतं.

बॅकअपबद्दल सगळे ‘आहे’ म्हणतात. कुठे आहे, ते विचारावं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून गेलं. बंद पडलेल्या असंख्य साइटमध्ये पॅरिसच्या पोंपिदू सेंटरचीही होती. काही ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते, तेही गेले. माझा नियम असा, की सर्व्हर मुंबईत असेल तर प्रत दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या कंपनीकडे ठेवायची. आणि ती अधूनमधून उघडून, चालवून बघायची. न उघडलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही. हे काम सोमवारचं, कारण त्या दिवशी पार्कची गर्दी ओसरलेली असते. श्रावणात त्याच दिवशी तुंगारेश्वराच्या देवळात रांगा लागतात, तो भाग वेगळा.

ब्राउझरला साइटची ओळख पटवणाऱ्या एसएसएल सर्टिफिकेटचं नूतनीकरण आता हाताने करण्यात अर्थ नाही. त्याची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. डोमेनचं दुखणं मात्र तांत्रिक नाहीच. ते भाच्याच्या नाहीतर जुन्या डिझायनरच्या नावावर असतं, आणि हे भांडण झाल्यावरच कळतं.

तेव्हा मालक मंडळींना विनंती आहे. डोमेन आजच स्वतःच्या नावावर करून घ्या. पहिल्या पानावर ‘आज चालू’ किंवा ‘आज बंद’ अशी एकच ओळ ठेवा, तारीख-वेळेसकट. ती बदलायचा अधिकार फाटकावरच्या माणसाला द्या, त्याच्या मोबाइलवरूनच. ओढ्याला पाणी वाढलेलं त्याला तुमच्याआधी दिसतं.