दोन टक्क्यांतला वारसा

• कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायचे. सातव्या अनुसूचीत शिक्षण-आरोग्याबरोबर ऐतिहासिक वास्तूंचं जतनही आहे. म्हणजे पैशाची वाट कायद्यानेच मोकळी केलेली आहे.

• कायद्याच्या आधीचं उदाहरण: भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. वास्तू महापालिकेची, पैशाला जमनालाल बजाज फाउंडेशनचा हातभार, जाणकारी इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची. २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ज्याचं काम त्यानेच केलं, म्हणून ते नीट झालं.

• दिल्लीत निजामुद्दीनजवळ अब्दुल रहीम खानखानाची कबर. त्याने ती पत्नीसाठी बांधली. अठराव्या शतकात सफदरजंगच्या कबरीसाठी इथला दगड उचकटून नेला आणि वास्तू उघडी पडली. आगाखान ट्रस्टने इंटरग्लोब फाउंडेशनच्या मदतीने ती सावरली. काम २०१४ ते २०२० चाललं. जतनाच्या कामाला इतका वेळ लागतोच.

• चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच हवा. तो भिजवून मुरू द्यावा लागतो, घाण्यात मळावा लागतो, थर सावकाश वाळू द्यावा लागतो. ३१ मार्चच्या आत निधी संपवायचा म्हणून घाई केली तर वास्तूचं नुकसानच होतं.

• सीएसआरच्या नियमांत एक प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं चालवता येतो. पन्हळी तुंबणं आणि भेगेत पिंपळ रुजणं मात्र दर पावसाळ्याचं आहे. दुरुस्तीला देणगीदार मिळतो, देखभालीला मिळत नाही. खरी गरज देखभालीचीच आहे.

• कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या, असंही कलम १३५ सांगतं. आपल्याकडे औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या कितीतरी गावांत बारवा आहेत, गढ्या आहेत, वाडे आहेत. त्यांतल्या अनेकांचं नाव कुठल्याच संरक्षित यादीत नाही.

• तुम्ही एखाद्या कंपनीच्या सीएसआर समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा: कारखान्याजवळची एक जुनी वास्तू निवडा, आणि तिच्या कामात चुन्याचा जाणकार गवंडी आधी नेमा. दुरुस्ती संपल्यावर दरवर्षी नवा ठराव करून तिच्या देखभालीचा खर्चही मंजूर करा.